छपराचं तिरपं माप

छप्पर मोजणं किती सोपं असतं, हे मला त्या महिन्यात चार जणांनी समजावून सांगितलं. चौघांपैकी एकही जण आयुष्यात छपरावर चढलेला नव्हता. मी चढलो. माझ्या उजव्या पोटरीवर सात टाक्यांची खूण आहे आणि ती दिसली की लोक विचारतात, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. पुन्हा कुणी विचारू नये एवढीच इच्छा आहे.

मी मोजणी खात्यात आहे. एकतीस वर्षं झाली, आठ महिन्यांनी निवृत्त होईन. मोजणी खातं म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस साखळी घेऊन रानोमाळ हिंडत असेल. मी आवक-जावक टेबलावर बसतो. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. गेलेल्या कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. हजारो मोजण्या माझ्या हाताखालून गेल्या असतील, पण मी स्वतः कधी काही मोजलेलं नाही. गल्लीत हे कुणालाही पटत नाही. कुणाचं कपाट दारातून आत जाईना की मला बोलावतात, मी गंभीर चेहऱ्यानं कपाटाकडे बघतो, दाराकडे बघतो आणि "जरा तिरकं करून बघा," म्हणून घरी येतो. एवढ्यावर माझी प्रतिष्ठा टिकून होती.

आमचं घर म्हणजे एक छप्पर आणि त्याखाली दोन घरं. मधोमध आढं, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा लाकडी कणा. त्याच्या दोन्ही अंगांना कौलारू उतार, त्यांना पाखी म्हणतात. पुढचं पाखं माझं, मागचं माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. आढ्याखाली एक भिंत आहे. ती नऊ वर्षांपूर्वी बांधली तेव्हा माप घ्यायला माझ्या ऑफिसातला एक मोजणीदार रविवारी येऊन गेला होता. भिंत उभी राहिल्यावर दादा म्हणाला, सहा इंच माझ्या बाजूला आलीय. मी म्हणालो, माप सरकारी माणसानं घेतलंय. त्यावर तो जे बोलला आणि मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून तो मागच्या गल्लीतून ये-जा करतो आणि मी पुढच्या. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली, तेव्हा मी मागच्या दारापर्यंत गेलो, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि परत आलो. आत ये, असं कुणी म्हणालं नाही. मीही गेलो नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचं पाखं गळायला लागलं. आमच्याकडे कौलांखाली फळ्यांचं छत आहे, त्यामुळे पाणी कुठून येतं ते दिसत नाही, फक्त कुठं पडतं ते कळतं. ते पलंगावर पडायचं. पलंग सरकवला की तिकडं पडायचं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पुढच्या पावसात मी अंथरुणात छत्री धरून बसणार नाही. कौलं बदला, नाहीतर मी माझ्या बहिणीकडे जाते." हे ती चिडून म्हणाली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ती कपडे घड्या घालत शांतपणे म्हणाली. मी घाबरलो.

म्हणून मी कौलांच्या वखारीत गेलो. वखारवाला एका उलट्या पिंपावर बसला होता.

"छप्पर किती?" त्यानं विचारलं.

"एका घराचं."

त्यानं मान वर केली. "घर किती?"

मी दोन्ही हात पसरले आणि ते पुरेसे नाहीत हे माझ्याच लक्षात येऊन खाली घेतले.

"माप आणा," तो म्हणाला. "आणि जमिनीचं नको. लोक खालची जमीन मोजून येतात, मग छप्पर अर्धं उघडं राहतं आणि माझ्या नावानं ओरडतात. पाख्याचं तिरपं माप पाहिजे. आढ्यापासून खाली पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीपर्यंत. आपण काय करता?"

"नोकरी," मी म्हणालो. खात्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लपवलं.

"आणि आढ्यावरची कौलं उचलल्याशिवाय पाखं निघत नाही. पलीकडे कोण राहतं?"

"भाऊ."

"मग काय, घरचंच काम," असं म्हणून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

ही बातमी गल्लीत माझ्या आधी पोचली होती. समोर एक निवृत्त विमा एजंट राहतात, त्यांना सगळे विमेवाले म्हणतात. ते फाटकाशीच उभे होते. त्यांना कुठल्याही विषयावर बोलता येतं, फक्त प्रत्येक विषय शेवटी मरणापाशी येऊन थांबतो.

"चढू नका," ते म्हणाले. "खोलीची लांबी-रुंदी घ्या आणि दीडनं गुणा."

"दीडच का?"

"सुरक्षित आकडा आहे. माझा एक पॉलिसीधारक असाच माप घ्यायला चढला होता. फार नाही, साडेआठ फूट." एवढं सांगून ते आभाळाकडे बघत राहिले. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

बायको म्हणाली, दीड कशाला, सव्वा पुरे. ती कणीक मळत होती आणि तिनं हा आकडा कुठून आणला ते तिलाही माहीत नव्हतं. मी एका कागदावर दीडनं गुणलं, दुसऱ्यावर सव्वानं आणि दोन्ही कागद घेऊन नगरपालिकेत गेलो, कारण मधल्या काळात मला कळलं होतं की सामायिक छप्पर बदलायला परवानगी लागते.

चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला.

"क्षेत्रफळाच्या रकान्यात दोन आकडे आहेत."

"एक जास्तीत जास्त आहे आणि एक कमीत कमी."

"रकाना एकच आहे." त्यांनी पेन्सिलीनं रकाना दाखवला. "तिरपं क्षेत्रफळ, मोजणी कार्यालयाच्या दाखल्यासह. आणि इथं दुसऱ्या मालकाची सही." मग त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि जरा हसल्या. "तुम्हाला काय, दाखला घरचाच."

घरचाच दाखला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, माझा अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला, त्यावर शिक्का मारला, तारीख घातली, क्रमांक टाकला आणि ढिगात सर्वांत खाली सरकवला, कारण नियम तोच आहे. मनात आलं असतं तर मी तो वर ठेवू शकलो असतो. एकतीस वर्षांत कुणाचा कागद वर ठेवला नाही. आता स्वतःचा ठेवला तर ती एकतीस वर्षं कशासाठी घालवली हा प्रश्न आला असता, आणि तो मला नको होता.

अकराव्या दिवशी साहेबांचं उत्तर निघालं. 'छप्पर ही जमीन नसल्याने सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' ते पत्र जावक नोंदीसाठी माझ्याकडे आलं. मी ते वाचलं, नोंदवलं, पाकिटात घातलं, पाकिटावर माझाच पत्ता लिहिला आणि टपालात टाकलं. चार दिवसांनी ते घरी आलं. बायकोनं उघडून वाचलं आणि म्हणाली, "तुमचं अक्षर किती बिघडलंय."

त्या दिवशी मी ठरवलं की आपण स्वतः चढायचं. रागानं ठरवलं असं नाही. फार उदास वाटत होतं आणि उदास माणसाला उंचीची भीती कमी वाटते, असा माझा तेव्हा समज होता. तो चुकीचा निघाला.

कोपऱ्यावरच्या घराला रंग लागत होता. रंगाऱ्याकडून शिडी मागून आणली. तो म्हणाला, साडेबाराला मला लागेल. म्हटलं, साडेबारापर्यंत तुला दोनदा नेता येईल. पोलादी टेप नवीन आणली, पंधरा फुटी, बटण दाबलं की सपकन आत जाणारी. रविवारी दुपारी बाराला, पायात काही न घालता, मी आमच्या पाख्यावरून रांगत वर निघालो. खाली विमेवाले खुर्ची टाकून बसले होते. "पॉलिसी चालू आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

छपरावरून आपली गल्ली फार वेगळी दिसते. जी घरं आपल्याला मोठी वाटतात तीही वरून डबड्यासारखी दिसतात आणि सगळ्यांनी आपापल्या मोडक्या खुर्च्या मागं टाकलेल्या दिसतात. मी आढ्यावर घोड्यावर बसतात तसा बसलो, एक पाय माझ्या पाख्यावर, एक दादाच्या. बसायला दुसरी पद्धत नव्हती. पलीकडचा पाय शक्यतो कौलाला टेकणार नाही असा मी उचलून धरला होता, कारण आपण त्याच्या हद्दीत आहोत असं कुणी म्हणायला नको.

टेपचं टोक हातात धरून मी डबी खाली सोडली. ती घसरत पन्हळीपर्यंत गेली. तिथं बायको स्टुलावर उभी होती. तिनं डबी पकडली.

"किती?" मी विचारलं.

"बारा. नाही, तेरा. पुढच्या रेघा बारीक आहेत हो."

"चष्मा लाव."

"चष्मा आत आहे."

"मग आण."

ती चष्मा आणायला आत गेली. जाताना तिनं डबी पन्हळीत ठेवली आणि ठेवताना बटण दाबलं गेलं. पोलादी टेपला आत जायचं असतं, आणि टोक जर कुणी घट्ट धरलेलं असेल तर डबीच टोकाकडे येते. ती कौलांवरून उड्या मारत माझ्या तोंडाच्या रोखानं आली. मी मागं झुकलो. मागं दादाचं पाखं होतं.

कौल फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. कौलांखालची लाकडी रीप मोडल्याचा तर आलाच नाही, इतकी ती कुजलेली होती. माझा उजवा पाय मांडीपर्यंत दादाच्या घरात गेला. नऊ वर्षांत मी त्या घरात टाकलेलं हे पहिलं पाऊल.

बायको चष्मा लावून बाहेर आली. "टेप कुठंय?"

"वर आली."

"तुम्ही असे का बसलाय?"

"पाय आत गेलाय."

"कुणाच्या आत?"

"दादाच्या."

 ती चपला घालून मागच्या गल्लीकडे निघाली, जवळजवळ पळतच. तिला वळसा घालून जायला पाच मिनिटं लागतात. विमेवाले उठून उभे राहिले आणि त्यांनी मला न हलण्याचा सल्ला दिला. तेवढ्यात साडेबारा वाजले असावेत, कारण रंगारी आला, त्यानं वर बघितलं, मी बसलेला दिसलो, मला बसून काम करायचं असेल असं समजून त्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि तो गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. पण एक पाय लोंबकळत असताना मोठ्यानं हाक मारणं मला बरं वाटेना. विमेवाल्यांनीही त्याला अडवलं नाही. नंतर म्हणाले, मला वाटलं तुमचं ठरलंय.

मी तसाच बसून राहिलो. पाय आत कुठल्या तरी थंड, अंधाऱ्या हवेत होता आणि पोटरीवरून काहीतरी ओघळत होतं. मला वाटलं, दादा घरी नसावा. मग वाटलं, असेल आणि बघून गप्प बसला असेल. दुसरी कल्पना मला जास्त खरी वाटली.

मग खालून कुणीतरी माझ्या पावलाला हात लावला. टाच धरली, जरा फिरवून बघितली.

"बारक्या?"

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. मला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे.

"हो," मी म्हणालो.

"पाय हलवू नकोस. रक्त येतंय." काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, मग आणखी काहीतरी त्यावर ठेवल्याचा, आणि माझ्या तळव्याखाली लाकूड आलं. "टेक आता. टेबलावर स्टूल ठेवलंय."

मी टेकलो. 

"मोजत होतास?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती भरलं?"

"साडेतेराच्या आसपास."

"आसपास," दादा म्हणाला. तो चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात होता. लोखंडी मीटरनं कापड मोजून द्यायचा, बोटभर कमी नाही की जास्त नाही. त्याच्या तोंडून 'आसपास' हा शब्द शिवीसारखा निघतो.

मग त्यानं आतून एकेक कौल वर उचलून बाजूला करायला सुरुवात केली. मी वरून ती घेऊन आढ्याजवळ रचत गेलो. रीप त्यानं हातानं मोडली. भोक माणूस मावेल एवढं झालं तेव्हा मी आधी दुसरा पाय आत घेतला, मग बाकीचा मी, आणि स्टुलावरून टेबलावर आणि टेबलावरून खाली उतरलो. दादानं मला काखेत धरलं होतं. तो फार वाळला होता. 

खोलीभर पातेली होती. पाऊस संपून कितीतरी महिने झाले होते, तरी जमिनीवर जागोजागी पातेली, डबे, एक तसराळं, सगळी कोरडी, सगळ्यांत धूळ. खाट कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेली. तिच्यावर चार दोऱ्यांनी प्लास्टिक बांधलेलं. माझ्या पलंगावर थेंब पडतात म्हणून मी महिनाभर ऑफिसं हिंडत होतो.

"पातेली उचलली नाहीस?" मी विचारलं.

"तिनं ठेवलीत," दादा म्हणाला. "कुठं गळतं ते तिला पाठ होतं. मला नाही. उचलली की परत कुठं ठेवायची ते कळायचं नाही."

त्यानं मला खाटेवर आडवं केलं आणि पोटरीला ओला टॉवेल बांधला. बायको आली ती दार न वाजवताच आत आली, सरळ फडताळाकडे गेली आणि दुसऱ्या कप्प्यातून जखमेवर लावायचं औषध काढलं. तिला ते कुठं असतं हे माहीत होतं. मग मला ओट्यावरचा डबा दिसला. तीन कप्प्यांचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. गेल्या वर्षी हरवलेला.

"हा इथं कसा?"

"भाऊजी एकटे आहेत," ती औषध लावत म्हणाली. "दुपारचं पाठवते."

"तू म्हणालीस हरवला."

"तुम्ही विचारलंत का, कुठं हरवला?"

मला लावलेलं औषध फार झोंबत होतं, त्यामुळे मी पायाकडेच बघत राहिलो.  दादा ओट्याकडे पाठ करून उभा राहिला. बायको गाडी बघायला बाहेर गेली, कारण टाके घालावे लागणार हे उघड होतं.

मी पडल्या पडल्या वर बघत होतो. दादाकडे फळ्यांचं छत नाही. वासे, रिपा, कौलं, सगळं उघडं दिसतं. कौलांची ओळ पन्हळीपासून वर वर चढत भिंतीला भिडत होती. मी आढं शोधत होतो. नुकताच त्यावर बसून आलो होतो, ते इथंच कुठंतरी असायला हवं होतं.

"दादा, इथून आढं दिसत नाही."

"नाही."

"म्हणजे ते भिंतीच्या पलीकडे आहे."

"तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. "तुझ्या छताच्या वर. भिंत सहा इंच इकडे आहे. सव्वासहा. मी मीटर लावून बघितलंय."

भिंतीपाशी सर्वांत वरची ओळ अर्धीच दिसत होती. प्रत्येक कौल मधोमध भिंतीत शिरलं होतं. ते बघायला मोजणी खात्यातला माणूस लागत नव्हता. कुणालाही दिसलं असतं, नुसती मान वर केली असती तरी.

"तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"तू आत कुठं आलास," दादा म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. मी त्याला म्हणालो की आपण ती भिंत पाडू आणि बरोबर आढ्याखाली घेऊ, मी उद्याच गवंड्याला बोलावतो. त्यानं मान हलवली.

"राहू दे. सहा इंचांत आता मी काय ठेवू?"

मग तो टेबलाच्या कडेला बसला आणि वरच्या भोकाकडे बघत म्हणाला, "तुला माप कशाला पाहिजे होतं?"

"वखारवाला मागतो. किती कौलं लागतील ते काढायला."

"चारशे सोळा."

"काय?"

"एका पाख्याला. बत्तीस आडवी, तेरा उभी. तुझंही तेवढंच असणार, छप्पर एकच आहे." त्यानं खाटेकडे बोट केलं. "तिनं मोजलीत. आठ महिने या खाटेवरच होती. दुसरं बघायला काय होतं? सकाळी एकदा मोजायची, दुपारी एकदा. मी दुकानातून आलो की सांगायची, आज चारशे भरली. मी म्हणायचो, अगं चारशे सोळा आहेत, वरची ओळ अर्धी अर्धी नको धरूस. ती म्हणायची, अर्धी त्यांच्याकडे गेली, ती आपली नाहीत. यावरून रोज वाद. शेवटच्या आठवड्यात मी म्हणालो, बरं, चारशे. तर म्हणते, नाही, चारशे सोळाच धरा."

बाहेर गाडी आल्याचा आवाज झाला. मला उठता येत नव्हतं म्हणून दादानं एका बाजूनं आणि बायकोनं दुसऱ्या बाजूनं मला धरलं. मागच्या गल्लीतून मी अनवाणी, एका पायावर, टॉवेल गुंडाळून निघालो तेव्हा प्रत्येक दारात कुणी ना कुणी होतं. आमचे विमेवालेही वळसा घालून तिथं पोचले होते. ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मला जिवंत बघून त्यांची थोडी निराशा झाली असावी, पण हा माझा अंदाज आहे.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या, म्हणजे दोन महिने लागले. दादानं अर्जावर सही केली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ही सही भिंतीच्या परवानगीवरच्या नऊ वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नाही. दादानं तिथंच उभ्या उभ्या पुन्हा केली, तीही जुळली नाही, त्याचा हात थरथरत होता. बाई थोडा वेळ दोन्ही सह्यांकडे बघत बसल्या. मग त्यांनी दाखल्याच्या जागी आमच्या साहेबांचं पत्र जोडून अर्ज घेतला. क्षेत्रफळाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. परवानगी आली.

वखारीत आम्ही दोघं गेलो. मी "चारशे सोळा, दोन्ही पाख्यांची मिळून आठशे बत्तीस," म्हणालो तेव्हा वखारवाला पिंपावरून उठला. "एवढं नेमकं माप कुणी काढलं?" त्यानं विचारलं. मी दादाकडे बघितलं. दादा कौलांच्या थप्पीवरून हात फिरवत होता, कापडाचा पोत बघतात तसा. "घरच्यांनी," तो म्हणाला.

ती जुनी कौलं आता बनत नाहीत. नवी जरा मोठी येतात, म्हणून वखारवाल्यानं हिशेब करून संख्या कमी केली. सात फुटली, दोन उरली. छप्पर झालं. त्यानंतर दोन मोठे पाऊस होऊन गेले, आमचा पलंग कोरडा राहिला आणि बायको बहिणीकडे गेली नाही. भिंत आहे तिथंच आहे. मी रोज ऑफिसातून आल्यावर मागच्या गल्लीतून जातो, दादाकडे थोडा वेळ बसतो आणि मग पुढून घरी येतो. गल्लीतल्या लोकांना वाटतं की मी आता तब्येतीसाठी फिरायला जातो.

काल गेलो तेव्हा तो खाटेवर आडवा होता. खाट आता खोलीच्या मधोमध आहे. प्लास्टिक काढून टाकलंय. पातेली बायकोनं घासून मांडणीवर लावून दिली, त्या दिवशी तो बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला होता.

"गळत नाही ना कुठं?" मी विचारलं.

"नाही. थेंब नाही."

"मग असा का पडलायस? बरं नाही वाटत?"

"बरा आहे." तो वर बघत होता. "चोवीस आडवी, दहा उभी. दोनशे चाळीसच आहेत रे. फार लवकर होतं मोजून."

 मी चपला काढल्या, त्याच्या शेजारी खाटेच्या कडेवर पाठ टेकली आणि डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या कौलापासून मोजायला लागलो. चौथ्या ओळीत चुकलो.

"चुकलो," मी म्हणालो.

दादा माझ्यासाठी जरा पलीकडे सरकला.

"बोट धरून मोज," तो म्हणाला. "सावकाश."